मदत हवी आहे: दुबईला पाठवणारा एजंट आणि अडकलेले पासपोर्ट

नमस्कार मंडळी. गुहागरकडच्या आमच्या वाडीतली दोन पोरं हॉटेलच्या कामाला दुबईला निघालीत. एजंट दीड लाख मागतोय, पावती नाही, व्हिसा व्हिजिटचा, वर पासपोर्टही आत्ताच ठेवून घेतलेत! १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे एजंट नोंदणीकृत लागतो, फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर, जिथे नोंदणीकृत एजंटांची यादी असते, तिथे या एजंटचं नाव सापडत नाही. एकाच्या आईने गळ्यातलं मोडायला काढलंय, जीव तुटतो बघून. पोरांना अडवायचं नाहीये, पण जावं तर कामाच्या व्हिसावर, हातात करारपत्र घेऊन.

पासपोर्ट परत कसे मिळवायचे? आधी पोलीस ठाणं गाठावं की मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचे सरकारी अधिकारी) कार्यालयात तक्रार द्यावी? रत्नागिरी-सिंधुदुर्गातून रीतसर गेलेल्यांनी करारात काय तपासलं, तेही कृपया सांगा.