सल्ला हवा: सकाळी इंजिनची टकटक, घाटात किटकिट. इंजिन उघडायचं का?

करवीरकर
नमस्कार मंडळी. माझी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1.2 लिटर, चार सिलिंडर, 94,000 किमी झालेत. महिनाभरापासून सकाळी पहिला स्टार्ट मारला की बॉनेटखालून टकटक सुरू होते. रेस दिली की ठेका वाढतो. चार-पाच मिनिटं चालवली की बंद. त्यात परवा रत्नागिरीहून येताना, साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागले तर वेगळाच आवाज आला. बारीक किटकिट, डब्यात खिळे हलवल्यासारखी. मेकॅनिकनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, इंजिनचं काम निघालंय, पंचेचाळीस हजार धरून चाला."

आईला दर महिन्याला तपासणीसाठी याच गाडीतून कोल्हापूरला आणते, त्यामुळे गाडी धड हवीच. पण खात्री पटल्याशिवाय इंजिन उघडायला मन धजत नाही. काय तपासू?

स्पॅनर_सांगली
ताई, सगळ्यात आधी ऑइल. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघा. लेव्हल खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी टॉप-अप, बाकी सगळं नंतर. चालताना ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. घर जवळ असलं तरी पुढं जाऊ नका.

निळा_डबा
माझ्या गाडीत असाच आवाज होता, फॅन बेल्ट बदलला आणि गेला. चारशे रुपयांत काम.

जुना_फोरमन
बेल्ट टकटक करत नाही, कुईकुई करतो. बेल्टवर थोडं पाणी शिंपडल्यावर आवाज क्षणभर गेला किंवा बदलला, तर बेल्टवर संशय घ्यायचा. पुलीचं बेअरिंग गेलं तर घरघर येते. ताईंनी आवाज नीट सांगितलाय, त्यावरूनच जाऊया.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं काढली. तिथं पहिला धडा हा, की आवाज कुठून येतो याच्या आधी तो कधी येतो आणि कधी जातो ते विचारायचं. ताई, तुमचे आवाज दोन आहेत. मेकॅनिकनं ते एकात घातले, तिथं गडबड झाली.

सकाळची टकटक कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टनला क्रँकच्या फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या दांड्याची, असती तर ती जड, खोल ठोक्यासारखी आली असती आणि इंजिन तापून ऑइल पातळ झाल्यावर वाढली असती. तुमची तापल्यावर जाते. टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागावर, ऑइल चढायला वेळ लागला तरी बहुतेक वेळा काही सेकंदांत आवाज बसतो, पाच मिनिटं लागत नाहीत. माझा संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आहे, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडातल्या पट्टीवर. थंड असताना फटीतून गॅस फटफटतो, धातू तापून फुगला की फट मिटते. टॅपेट आणि ही गळती, दोन्हींचा ठेका क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक असाच असतो, म्हणून चांगले चांगले फसतात.

उद्या सकाळी गाडी उघड्यावर आणा. स्टार्ट मारल्याबरोबर, मॅनिफोल्ड गार आहे तोवर, जोडावर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे कुठं येतात बघा. जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा दिसतो का तेही बघा. ओढणी आणि हात बेल्टपासून लांब ठेवा.

एक मात्र मनावर घ्या. गळती असेल तर तो धूर बॉनेटखाली साठतो आणि ब्लोअरमधून आत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. दुरुस्ती होईपर्यंत आईंना या गाडीत बसवू नका.

घाटात कितव्या गिअरमध्ये होतात?

करवीरकर
काका, चौथ्यात. पेट्रोल वाचावं म्हणून खालचा गिअर टाकत नव्हते, आरपीएम 1,500 च्या आसपास.

जुना_फोरमन
मग ते नॉकिंग. कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर जोरात दाबला की सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच पेटतं. चढाला तिसरा किंवा दुसरा गिअर, आरपीएम 2,500 च्या पुढं. तरीही किटकिट राहिली तर कूलंटची लेव्हल, प्लग आणि आतला कार्बन बघावा लागेल. एकदा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून फरक पडतो का बघा. असाच घाट ओढत राहिलात तर पिस्टन खराब होतो, तेव्हा हे पुढं ढकलू नका.

डिझेलवाला_कराड
काका, माझ्या डिझेलला स्टार्टला दोन-तीन सेकंद खर्रर्र होतं, मग शांत.

जुना_फोरमन
टायमिंग चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर तपासून घ्या. त्याआधी ऑइल कुठल्या ग्रेडचं पडलंय आणि फिल्टर ओरिजिनल आहे का ते बघा. वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

करवीरकर
काका, बुडबुडे आले! चौथ्या सिलिंडरपाशी, आणि काजळीही तिथंच. दुसऱ्या मेकॅनिकला दाखवलं. एक स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड आवळून धरणारा बोल्ट, तुटून इंजिनच्या हेडमध्येच राहिला होता. उद्यमनगरातल्या एका वेल्डरनं तुटक्या टोकाला नट वेल्ड करून तो अलगद फिरवून बाहेर काढला. गॅस्केट, नवे स्टड, मजुरी धरून 3,400 रुपये झाले. तीन सकाळी स्टार्ट मारून कान देऊन उभी राहिले, टकटक नाही.

रविवारी रत्नागिरीला गेले, येताना अख्खा आंबा घाट दुसऱ्या-तिसऱ्यात चढले. एकदाही किटकिट आली नाही. आई मागच्या सीटवर मलकापूरपर्यंत झोपली होती.