‘ड्युएल’ : लांबवलेला आणि मूळचा

कुणीतरी म्हटलंय, टीव्हीसाठी काढलेला सिनेमा म्हणजे दुय्यम माल. दिग्दर्शक स्पीलबर्गच्या ‘ड्युएल’पुरतं तरी हे पटत नाही. एका मोटारवाल्याच्या मागे लागलेला ट्रक, आणि त्या ट्रकच्या ड्रायव्हरचा चेहरा काही दिसत नाही, एवढीच याची गोष्ट. १९७१ साली अमेरिकेत एबीसी या टीव्ही वाहिनीवर लागला तेव्हा तो फक्त ७४ मिनिटांचा होता. नाव झाल्यावर परदेशातल्या थिएटरांसाठी नवे प्रसंग घुसडून तो ९० मिनिटांचा केला, आणि आपण बहुतेकांनी पाहिलाय तो हाच. नायकाने बायकोला फोन करण्याचा प्रसंग नंतरचाच. मला तर ते ठिगळ वाटतं.

पाहिल्यावर आठवड्याभरात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढत होतो. मागच्याने नुसता डिपर मारला तरी हात घामेजले. ड्रायव्हरचा चेहरा दिसतोय का, म्हणून आरशात दोनदा बघितलं. दुधाचा टँकर होता बिचारा.