प्रति: शेवट किती, हा प्रश्नच नाही

वर तुम्ही म्हणालात, शेवट जितके जास्त तितका आरपीजी (आपण एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळतो तो व्हिडिओ गेम) पुन्हा खेळावासा वाटतो. मला नाही पटत. शेवट काय, यूट्यूबवरही बघता येतात. मधला रस्ता बदलायला हवा. 'विचर २'मध्ये (२०११) रोश की योर्वेथ, या दोन विरोधी म्होरक्यांपैकी ज्याची बाजू घ्याल त्यानुसार अख्खा दुसरा अंक वेगळ्या छावणीतून खेळावा लागतो.

पण माझा लाडका १९९७ चा 'फॉलआउट'. सुरुवातीला नायक घडवताना त्याची बुद्धिमत्ता १० पैकी ३ वर ठेवा. नायक नुसता 'अं, ऊं' करतो आणि बरीचशी कामं त्याला कुणी देतच नाही. आमच्या दादानं (इंदूरला, रामबागेतल्या जुन्या घरी) हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, "भिया, गेम बिघडला," म्हणत त्यानं तो पुन्हा इन्स्टॉल केला होता. पोहे निवले ते वेगळंच.