नाडी सुटलेलीच नव्हती: छातीतल्या दुखण्याचे अनुभव लिहा

काल चढावर माझ्यापुढे चालणारे एक गृहस्थ थांबले, वाकले आणि बुटाची नाडी बांधू लागले. नाडी सुटलेलीच नव्हती. एकदम बाबा आठवले. शेवटच्या सहा महिन्यांत ते दर दोन-तीनशे पावलांवर नाडी बांधायचे, नाहीतर फोन काढून बघत उभे राहायचे. आम्ही चेष्टा करायचो. दोन मिनिटांनी परत झपाझप चालायला लागायचे, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. विचारलं तर "दुखत नाही गं, जरा आवळल्यासारखं होतं." चाललं की येतं, थांबलं की जातं, हाच अंजायना, हे नंतर कळलं. हृदयाची धमनी अरुंद झालेली, बसल्या जागी रक्त पुरतं, चढावर पुरत नाही. त्या गृहस्थांना मी काहीच बोलले नाही, ते रात्रभर डोक्यात राहिलं. तुमच्याकडे काय झालं होतं?

कोपऱ्यातली खिडकी
आईचा दात. खालचा, डावीकडचा, आणि फक्त जिना चढल्यावर. एक दाढ काढून झाली, दुखणं तसंच. मग दुसऱ्या दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "जिना चढतानाच का दुखेल हो दात?" दोन स्टेंट बसले. दाढ फुकट गेली.

निवांत
दाढ फुकट गेली, हाहा. सॉरी. आई बऱ्या आहेत ना?

कोपऱ्यातली खिडकी
ठणठणीत. दाढेवरून अजून बोलणी खाते मी.

तिसरा मजला
आमच्याकडे गॅस. दीड दिवस गॅस. सगळ्यांकडे गॅसच असतो म्हणा. ईसीजी नॉर्मल आला, आम्ही निघालोसुद्धा. कॅज्युअल्टीतल्या एका तरुण डॉक्टर मुलीने दारातून परत बोलावलं. रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढतं ते) पहिल्यांदा जेमतेम, तीन तासांनी परत केलं तर चांगलंच वाढलेलं. तिने हाक मारली नसती तर... जाऊ दे.

अर्धवट
मुलीला क्लासला सोडून गाडीत बसून लिहितेय. मधुमेहवाल्यांना कधी कधी दुखतच नाही हं. सासऱ्यांना नुसता घाम. पंख्याखाली बसून शर्ट पिळून काढावा इतका. छातीत काही नाही. नसा बधिर झालेल्या असतात म्हणे. आली ती, नंतर लिहिते

जुना खोडरबर
अवांतर: अंजायनाला जिभेखाली देतात ते नायट्रोग्लिसरिन म्हणजे डायनामाइटमधलंच. खुद्द आल्फ्रेड नोबेलना डॉक्टरांनी तेच लिहून दिलं होतं. दैवाची थट्टा, असं त्यांनी १८९६ मध्ये पत्रात लिहिलंय.

निवांत
म्हणजे गोळी घेतली की डोकं फुटतंय असं मामा म्हणायचा ते खरंच होतं!

स्टेथो गळ्यात
ड्यूटीवर आहे, थोडक्यात. गोळीने डोकं दुखतंच, रक्तवाहिन्या सैल होतात. बसून घ्या, उभ्याने नको, बीपी पडतं. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेतलं असेल तर लाजू नका, आधी सांगा. दोन्ही एकत्र जिवावर बेततं. चालल्यावर येणारं दुखणं बसल्या जागी यायला लागलं, किंवा कमी चालण्यावरच यायला लागलं, तर त्याच दिवशी दाखवा. थांबल्यावरही जात नसेल तर अँब्युलन्स. स्वतः गाडी चालवत येऊ नका. मागे एक जण तसा आला, वर पार्किंग मिळेना म्हणून दोन चकरा मारल्या म्हणाला.

तिसरा मजला
पार्किंग!!

सावळी
बायकांचं लिहा की कुणीतरी. मी तेव्हा ५२. तीन आठवडे थकवा, मळमळ, पाठीत दोन खांद्यांच्या मधे दुखायचं. केस विंचरायला हात वर होईना, कंगवा हातात धरून पलंगावर बसून राहायचे. सगळे म्हणाले पाळी जातेय. मीही तेच म्हणाले, म्हणून रागावणार कुणावर? अँजिओग्राफीत मुख्य धमनी ९०% बंद. मनगटातून केली, दुसऱ्या दिवशी घरी.

नवखा
माझी ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आहे. म्हणजे काळजी नाही ना?

स्टेथो गळ्यात
त्या दिवशी चालताना रक्त पुरलं, एवढाच अर्थ. फारशा अरुंद नसलेल्या जागचा चरबीचा थरही फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि अ‍ॅटॅक येतो. टेस्टमध्ये ते दिसत नाही. सिगारेट सुटली का?

नवखा
दोन दिवस झाले.

निवांत
सोडून दोन दिवस, की दिवसाला दोन?

धागाकर्ती
आज मुद्दाम त्याच वेळी गेले. भेटले ते, चढाच्या मध्यावर. आज नाडी नव्हती, फोन होता, आणि स्क्रीन बंद. म्हटलं, "काका, छातीत आवळतं का?" तर म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं?" उद्या मुलीला घेऊन दाखवायला जाणार आहेत. नंबर दिलाय मी.

अर्धवट
आले. काय सांगत होते? हां, सासरे. बरे आहेत, आता घाम आला की आम्हीच घाबरतो, ते म्हणतात अगं उकडतंय.