हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना ट्रेनिंग देतात की राबवून घेतात?

कणकवलीकर
भाच्याने कर्ज काढून एका खाजगी कॉलेजातून हॉटेल मॅनेजमेंट केलं. दुसऱ्या वर्षी अख्खं सेमिस्टर मोठ्या हॉटेलात ट्रेनिंग. कागदावर चार खाती: किचन, सर्व्हिस, हाऊसकीपिंग, फ्रंट ऑफिस. प्रत्यक्षात पहिले दोन महिने बँक्वेटमध्ये, म्हणजे लग्न-पार्ट्यांच्या हॉलात, ग्लास पुसले. वाफेवर धरायचा, फडक्याने पुसायचा, उजेडात बघायचा, डाग दिसला की परत वाफेवर. रात्री दीडला लग्न आटोपलं की खुर्च्यांची कव्हरं काढायची. फ्रंट ऑफिस शेवटचे तीन दिवस, तेही झेरॉक्स काढायला. लॉगबुकात मात्र चारही खात्यांच्या सह्या!

आता नोकरी आहे, पण हप्ता गेला की खोलीभाडं घरून मागवतो. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तरी आमची पोरं कामासाठी पुण्या-मुंबईलाच. माझं स्पष्ट मत: कॉलेजं हॉटेलांना फुकटात माणसं पुरवतात आणि त्याची फी आईबापाकडून घेतात.

दादरचा जुना शेफ
मी दादरच्या केटरिंग कॉलेजचा. १९५४ पासूनची संस्था, तिथेही आम्हाला कोणी गादीवर बसवलं नव्हतं. ट्रेनिंगला रोज पोतंभर कांदा चिरायचो. एकसारखा चिरला नाही तर अर्धा करपतो, अर्धा कच्चा राहतो. हे हाताला कळायला पोतंच लागतं. हल्लीची मुलं टीव्हीवर शेफ बघून येतात आणि पहिल्या ब्रेक शिफ्टला (मध्ये सुट्टी देऊन दोन तुकड्यांत ड्युटी) घरी फोन लावतात. ग्लास पुसलेला माणूसच पुढे बँक्वेट मॅनेजर झाल्यावर डाग पकडतो.

कणकवलीकर
शेफ, पुसायला ना नाही. पण ते आठवड्यात येतं. उरलेले सात आठवडे कोण काय शिकलं?

खडू आणि कलथा
मी शिकवते, म्हणून दोन्हीकडून बोलणी खाते. आमच्या प्रॅक्टिकलला आठ मुलांत एक कोंबडी. एक जण कापतो, सात जण बघतात, आणि परीक्षेला आठही जणांनी कापायची. चेक-इनचं सॉफ्टवेअर स्क्रीनचे फोटो दाखवून शिकवते, लायसन परवडत नाही म्हणून. वीस वर्षं किचन चालवलेला माणूस आमच्या पगारावर येत नाही. आला तर त्याच्याकडे हवी ती पदवी नसते. मग माझ्यासारखे, पास होऊन लगेच शिकवायला लागलेले. बेशामेल हा फ्रेंच पांढरा सॉस मुलांना झोपेतही येतो, पण सोलकढी दोनशे लोकांसाठी किती आमसुलांची, ते मलाच गावी जाऊन विचारावं लागलं.

तरी मुलांना ट्रेनिंगला पाठवू नका म्हणाल तर कॉलेजात त्यांना ग्लाससुद्धा मिळणार नाहीत.

बोटवाला
रडगाणं पुरे. मी पण ग्लास पुसले. पदवीवर क्रूझला लागलो, दोन वर्षांत कर्ज फेडून मोकळा. ज्याला जमत नाही त्याने बी.कॉम. करावं.

हिशेबी
बोटवाले, सगळ्यांना बोट मिळते का? २०२० मध्ये राज्याने हॉटेलांना उद्योगाचा दर्जा द्यायचं ठरवलं. वीज-पाण्याचे दर उद्योगाचे. ट्रेनीच्या हातात काय पडावं, हे मात्र अजून हॉटेलच ठरवतं.

तारकर्लीची वैनी
माझं न्याहारी निवास आहे, दोन खोल्या. मागच्या मे महिन्यात असाच एक पदवीवाला ठेवला. चादरीचे कोपरे असे घडी घालून दाबायचा की नाणं उडावं. टॉवेलचा हंस करायचा, पाहुण्यांची पोरं खूश. पण रात्री लाईट गेली, टाकीतलं पाणी संपलं आणि नागपूरचे पाहुणे ओरडायला लागले, तेव्हा पोरगा हंसासारखाच उभा. शेवटी मी विहिरीवरून कळशी आणली. माका तीन वर्षांची पदवी नको, पंधरा दिवसांचं काहीतरी शिकवा, आणि ते मे महिन्यात माझ्या घरी येऊन शिकवा.

खडू आणि कलथा
वैनी, केंद्राच्या ‘हुनर से रोजगार तक’मध्ये काही आठवड्यांचे फुकट कोर्स होते. पण तेही वर्गातच.

दादरचा जुना शेफ
पंधरा दिवसांत वेटर होतो, मॅनेजर नाही. मग मोठ्या हॉटेलात वरच्या खुर्च्यांवर बाहेरचे आले की ओरडू नका. बाकी कळशीचं वैनींचं खरं आहे, ते आम्हालाही कोणी शिकवलं नाही.

कणकवलीकर
वैनी, येत्या मे महिन्याला माणूस हवा असेल तर भाच्याला विचारतो. पाणी भरायची सवय आहे त्याला, घरी विहीरच आहे. पगार किती द्याल?

तारकर्लीची वैनी
जेवण-राहणं माझ्याकडे. पगाराचं बघू. पयलो म्हयनो ट्रेनिंग धरूया काय?