आपल्याच गावात पाहुणे: परदेशी राहून आलेल्यांचे अनुभव

बारा वर्षं स्टुटगार्टला काढून दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याला परत आलो. तिकडे असताना फिरायला निघालं की माझा एकच हट्ट असायचा: हॉटेल नको, तिथल्या माणसांच्या घरात राहायचं, ती खातात ते खायचं. जॉर्जियात एका आजींच्या स्वयंपाकघरात बसून खिंकाली (सारण भरलेले तिकडचे मोदकासारखे उंडे) वळायला शिकले. त्याला मी खरा प्रवास म्हणायचे.

गेल्या मे महिन्यात मालवणजवळ एका घरी तसेच उतरलो. सारवलेलं खळं, सकाळी पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा. मी खळ्याचे फोटो काढत सुटले. काकी सोलं वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, "तुमचो गाव खंयचो?" म्हटलं, आजोळ आचऱ्याजवळ. "मगे फोटो कसले काढतंस? आजयेचा खळा बघूक नाय?"

बघितलं होतं. दर मे महिन्यात त्याच शेणाच्या वासात झोपले होते. तेच खळं आता रात्रीचे पैसे मोजून बघत होते, आणि जॉर्जियातल्या आजींकडे बघावं त्याच नजरेने. त्या रात्री नीट झोप लागली नाही.

तुमचं असं कुठे, कधी झालं? मोकळेपणाने लिहा. लांबलं तरी चालेल.

न्यू जर्सीहून

अजिंठा. आठवीच्या सहलीला एसटीने गेले होते, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. यंदा सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन गेले. मला ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते कार्ड) आहे, त्याचं काढायचं राहून गेलंय, तो टुरिस्ट व्हिसावर आलेला. खिडकीवर मी मराठीत बोलले, तर आतल्या दादांनी दोघांचीही ४० रुपयांचीच तिकिटं काढायला घेतली. मीच म्हटलं, "थांबा, याचं फॉरेनरचं द्या." त्याचं ६०० रुपयांचं. दादांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हळूच म्हणाले, "ताई, तुमचाच ना मुलगा?"

पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर तो खूप वेळ उभा राहिला. अंधारात डोळे सरावल्यावर आधी त्या हातातलं कमळ दिसतं, मग झुकलेली नजर. मला आठवीत एवढं दिसलं नव्हतं, आम्ही रांगेत ढकलाढकली करत होतो. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "आई, दोन्ही तिकिटं मला दे." दोन्ही त्याच्या पाकिटात आहेत. कशासाठी, ते मी विचारलेलं नाही. मराठी त्याला कळतं, पण उत्तर इंग्रजीत देतो. मी कधी जोर केला नाही, आणि ते चुकलं असं मला आता वाटतं.

मस्कतहून

आमच्याकडे नागरिकत्वाचा प्रश्न सहसा येतच नाही. व्हिसा संपला की परत. वीस वर्षं त्या हिशेबाने राहिलो आणि कोल्हापूर मनात जसंच्या तसं जपलं. परवा भावाकडे जेवताना बोलून गेलो, "आमच्याकडे हमूर मासा फार चांगला मिळतो." वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे म्हणजे कुठं, भावजी?" घास हातातच राहिला. इतकंच.

पुण्याहून, पूर्वी बीरशेबा (इस्रायल)

बेन गुरियन विद्यापीठात तीन वर्षं होतो. जवळच दिमोना, तिथे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी यहुदी लोकांची मोठी वस्ती. एका घरी मलिद्याला, म्हणजे त्यांच्या आभाराच्या प्रार्थनेला आणि प्रसादाला बोलावणं आलं. ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. आमच्याकडे दिवाळीला असतात त्यांचेच भाऊबंद. घरातल्या आजी मूळच्या रेवदंड्याच्या, साठच्या दशकात तिकडे गेलेल्या. त्यांच्या बोलण्यात पडवी, माजघर, फडताळ असे शब्द सहज येत होते. माझ्या मुलांना यातला एकही येत नाही.

त्यांनी विचारलं, "अलिबागेस अजून शनवार तेली म्हणतात काय रे?" हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून ते नाव. मी म्हटलं, जुनी माणसं म्हणतात. मग त्यांनी तिकडच्या सुरुवातीच्या दिवसांचं सांगितलं. लग्न ठरलं की आधी यहुदी असल्याचा पुरावा आणा, असं त्यांच्या लोकांना सांगत. मोर्चे निघाले, लोक धरणं धरून बसले, तेव्हा कुठे १९६४ साली तिथल्या संसदेने ते पूर्ण यहुदी असल्याचं मान्य केलं. "कोकणात आम्ही इस्रायली, इथं आलो तर होदिम." होदिम म्हणजे भारतीय. हे सांगताना त्या माझ्या ताटात पोहे वाढतच होत्या.

मी तिथे वाळवंट बघायला म्हणून गाडी काढली होती. ते राहिलंच. संध्याकाळपर्यंत आजींना अलिबागच्या बाजाराचं सांगत बसलो, आणि निम्म्या गोष्टी मलाच माहीत नव्हत्या. पुण्याला आल्यावर पहिल्यांदा रेवदंड्याला जाऊन आलो. किल्ल्याच्या तटाचे, पोफळीच्या वाड्यांचे फोटो त्यांना पाठवले.

सिएटलहून

वारीत पुणे ते सासवड एवढंच चालले. दिवे घाटात वर चढणाऱ्या दिंड्यांचा व्हिडिओ घेत कडेला उभी होते. परभणीकडच्या एक मावशी, डोक्यावर तुळस, थांबून म्हणाल्या, "माउली, बगाया आलीस का चालाया?"

मी बघायलाच आले होते. तसं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मग बग की. पर टाळ धरून बग," म्हणत त्यांनी शेजारच्या बाबांचे टाळ माझ्या हातात दिले. माझी आजी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची. मला पहिल्या दोन ओळींपुढे येईना, टाळही मागे पडत होता. मावशी पुढून ओळ सांगायच्या, मी मागून म्हणायचे. घाट संपेपर्यंत टाळाच्या दोरीने बोट सोलवटलं. सासवडला बाबांनी टाळ परत मागितले, तेव्हा बोटाला फडकं गुंडाळून त्यांच्याकडे अजून थोडा वेळ मागितला.