फोन आणि लॅपटॉप : पैसे मोजले, पुढे काय झालं?

घेताना सल्ले देणारे भरपूर भेटतात, घेऊन चार वर्षं झाल्यावर मात्र कुणी विचारत नाही. इथे तेच विचारायचं आहे. किमान दोन वर्षं वापरलेल्या फोनबद्दल किंवा लॅपटॉपबद्दल लिहा. पैसे कुठे सत्कारणी लागले, कुठे वाया गेले, रोज काय खुपलं? किमती बदलत राहतात, त्यामुळे 'दुप्पट', 'निम्म्यात' एवढं सांगितलं तरी पुरे. सुरुवात मी करते.

पहिला लॅपटॉप मी निव्वळ किंमत बघून घेतला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (म्हणजे स्वस्तातलं, संथ) स्टोरेज. विंडोज आणि तिच्या अपडेट्सनीच निम्म्याहून जास्त जागा खाल्ली. मोठा अपडेट आला की मी फायली पेन ड्राइव्हवर हलवत बसायची. रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डावरच सोल्डर केलेलं, म्हणजे वाढवायची सोयच नाही. दीड वर्षात तो कपाटात गेला. दुसरा घेताना दीडपट पैसे मोजले, पण एसएसडी (म्हणजे वेगवान स्टोरेज) होती आणि रॅमचा एक स्लॉट रिकामा होता. तीन वर्षांनी त्यात आणखी ८ जीबी बसवली. आज त्याचं सहावं वर्ष चालू आहे. किमतीला वर्षांनी भागून पाहिलं, तर 'स्वस्त' लॅपटॉप मला वर्षाला दुपटीहून महाग पडला होता.

* * *

माझं बरोबर उलट झालं. १०८ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या मोहात पडून सगळ्यात वरचं मॉडेल घेतलं. नंतर कळलं की नेहमीच्या मोडमध्ये नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून तो १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. अंधारातल्या फोटोसाठी मेगापिक्सेलपेक्षा सेन्सर केवढा आणि त्यावर प्रक्रिया कशी होते हे जास्त महत्त्वाचं. फोटो चांगले यायचे, नाही म्हणत नाही. पण कव्हर धरून वजन अडीचशे ग्रॅमच्या वर, आणि मी रात्री झोपून वाचणारा माणूस. करंगळीवर भार येऊन येऊन दुखायला लागली. आता १७० ग्रॅमचा, निम्म्या किमतीचा फोन वापरतो. दुकानात प्रत्येक फोन पाच मिनिटं एका हातात धरून बघा, एवढंच सांगेन.

* * *

मला दिसत नाही. फोन मी टॉकबॅकवर वापरतो, म्हणजे बोट जिथे टेकेल तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो. त्यामुळे माझ्या दृष्टीने 'चांगला स्क्रीन' या शब्दांना अर्थ नाही, आणि जाहिरातीतला मोठा खर्च नेमका त्यावरच असतो.

मला लागतो तो वेग. पहिला स्वस्त फोन घेतला तेव्हा बोट पुढे जायचं आणि आवाज मागून यायचा. डोळस माणसाला तेवढा उशीर जाणवणारही नाही. माझ्यासाठी मात्र फोन मागच्या बटणाचं नाव सांगतोय आणि बोट पुढच्यावर आहे, अशी गत. चुकीच्या माणसाला फोन लागायचे, अर्धवट मेसेज जायचे. लोकांना वाटायचं मला नीट वापरता येत नाही. जास्त रॅम आणि बऱ्या प्रोसेसरचा, मधल्या किमतीचा फोन हातात आला त्या दिवशी या चुका जवळजवळ थांबल्या. माणूस तोच होता.

दुसरी गोष्ट बोटाच्या ठशाची. महागड्या फोनांत ती जागा बऱ्याचदा स्क्रीनखाली असते. गुळगुळीत काचेवर ती शोधायची कशी? बाजूच्या बटणात असेल तर अंगठा आपोआप तिथेच जातो. आणि हेडफोनची पिन. ब्लूटूथ इयरफोनमधून आवाज थोडा उशिरा येतो. गाण्याला काही फरक पडत नाही, पण टाइप करताना प्रत्येक अक्षर उशिरा ऐकू येतं. ही पिन आता जास्त करून स्वस्त आणि मधल्या फोनांतच उरली आहे. म्हणून माझ्यापुरता मधला फोन हा महागड्यापेक्षा खरोखरच सरस ठरतो. मला ती तडजोड वाटत नाही.

* * *

दिवसभर भाषांतराचं काम. १३६६ बाय ७६८ चा स्क्रीन पाच वर्षं सोसला. आता १९२० बाय १२०० चा, थोडा उंच स्क्रीन आहे. मूळ आणि भाषांतर शेजारी-शेजारी उघडता येतं, संध्याकाळची डोकेदुखी कमी झाली. प्रोसेसर साधाच घेतला आणि वाचलेले पैसे स्क्रीनमध्ये घातले.

* * *

चार वर्षांच्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकायला लागली, तेव्हा घरी सगळे म्हणाले, नवा घे. मी बॅटरी बदलून घेतली. नव्या फोनच्या तुलनेत खर्च अगदीच किरकोळ, आणि फोन पुन्हा दिवसभर चालू लागला. लिथियम-आयन बॅटरी झिजणारच, तो तिचा धर्म आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनांसाठी नियमच झाला आहे : ८०० वेळा चार्ज-डिस्चार्ज झाल्यावरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. खरेदीआधी कंपनीने हा आकडा दिला आहे का, ते मी आता शोधतोच.

एका बाबतीत मात्र फसलो. सात वर्षं अपडेट मिळतील म्हणून एक मॉडेल घेतलं (पिक्सेल ८, गॅलेक्सी एस२४ पासून अशी हमी सुरू झाली), पण सवलतीत मिळतंय म्हणून ते बाजारात येऊन दोन वर्षं झाल्यावर घेतलं. ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण बिल केल्यापासून नाही. म्हणजे हातात उरली पाच. सवलत धरून हिशेब जमला, पण तो घेण्याआधी करायला हवा होता.

* * *

नूतनीकरण केलेला, ऑफिसवापरातला जुना लॅपटॉप वडिलांसाठी घेतला. कीबोर्ड असा की माझ्या नव्या लॅपटॉपलाही नाही. बिजागरी घट्ट, मागचे स्क्रू काढले की बॅटरी, रॅम, एसएसडी सगळं हाताशी. पण प्रोसेसर इंटेलचा, सातव्या पिढीचा. 'विंडोज ११ सहज चढेल' असं विक्रेत्याने सांगितलं आणि मी पडताळून पाहिलं नाही. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर बसतच नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हा त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिणारी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. बाबांना ब्राउझर आणि पत्रं टाइप करणं एवढंच लागतं. पहिले दोन आठवडे ते रोज काहीतरी विचारायचे, आता विचारत नाहीत. पण ज्यांना ठरावीक सॉफ्टवेअर लागतं त्यांनी प्रोसेसरची पिढी बघितल्याशिवाय जुना लॅपटॉप घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

* * *

गेमिंग लॅपटॉप, आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी. रेंडरिंग (आराखड्यावरून खऱ्यासारखं चित्र तयार करणं) झकास, तक्रार नाही. पण चार्जरसकट तीन किलो पाठीवर आणि बॅटरी दोन तास. वर्गात गेल्यावर आधी प्लगजवळची जागा पकडायची, मग फळा दिसतो का ते बघायचं.

* * *

पहिल्या अनुभवाबद्दल थोडं वेगळं सांगते. स्वस्त म्हणजे वाया, असं प्रत्येक वेळी नसतं. आईसाठी मी मुद्दाम खालच्या किमतीतला फोन घेतला आणि तीन वर्षांत एकदाही पश्चात्ताप झाला नाही. स्पीकर मोठा, अक्षरं मोठी करता येतात, खाली तीन बटणं कायम दिसतात. मध्ये भावाने प्रेमाने तिला आपला जुना भारी फोन दिला होता. त्यात ती बटणं नव्हती, बोट कडेवरून सरकवून मागे जायचं. सेटिंगमध्ये बटणं परत आणता येतात, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. महिनाभर ती फोन उचलायचीच नाही, आणि आम्हाला वाटायचं ती रागावली आहे. शेवटी तिनेच सांगितलं, 'वाजतो तेव्हा हिरवं ओढायला जाते आणि तो बंद होतो.'

आता तिचा फोन बदलायची वेळ आली आहे. दुकानात गेल्यावर मी आधी त्याच्यावर स्वतः फोन लावून बघणार आहे, आणि उचलायला तिच्याच हातात देणार आहे.